चंद्र पुण्याच्या बाजूला

"सर, ढीग उठला!"

नववीतली एक मुलगी असं ओरडली तेव्हा मी दोराच्या दुसऱ्या टोकाला एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा उभा धरून उभा होतो. ताऱ्यांची अंतरं कशी मोजतात हे शिकवणारा माणूस लांबून काही फार भारदस्त दिसत नाही. त्या दिवशी एक मोटरसायकलवाला मला बसवून घ्यायला थांबलासुद्धा होता.

"ढीग कसा उठेल?" मी डोळा मिटलेलाच ठेवून विचारलं.

"उठला ना सर. आता चालून राह्यला."

मी दुसरा डोळा उघडला. वर्ध्याजवळच्या आंजीतल्या आमच्या शाळेचं मैदान जिथे संपतं तिथे नाला आहे, नाल्यापलीकडे एक कडुनिंब, आणि त्याच्याही पलीकडे, पार लांब, कोणाच्या तरी वावरात वेचून ठेवलेला कापसाचा पांढरा ढीग. निदान त्या तासाच्या सुरुवातीपासून मी त्याला ढीग म्हणत होतो. तो बैल होता. बसून रवंथ करत होता, पोट भरलं तसा उठला आणि आमच्या प्रयोगातून चालता झाला.

"अरे, मग आधी काऊन नाही सांगितलं?" चिडलो की माझी पुस्तकी भाषा सुटते.

"तुमीच ढीग म्हणलं सर," मागून एक पोरगा म्हणाला. "आमी म्हणलं, सर म्हणून राह्यले त असंल ढीग."

बैल कोणाचा, त्याला वावरात कोण सोडतं, हेही निम्म्या वर्गाला ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि मी शिकवत होतो निरीक्षण.

हा विषय निघाला तोही त्याच मुलीमुळे. ताऱ्यांची अंतरं पुस्तकात प्रकाशवर्षांत छापलेली असतात, आपण ती फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात आणि घंटा झाली की सगळे सुखाने घरी जातात. ती गेली नाही. "सर, तितपर्यंत टेप कोणी नेला?" असं तिने विचारलं, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. मलाही पडला नव्हता, हे तिला सांगितलं नाही.

मी म्हणालो, न जाताही मोजता येतं. अंगठा उभा धरा. आधी हा डोळा मिटा, मग तो. अंगठा मागच्या फळ्यावर इकडून तिकडे उडी मारतो की नाही? हात जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. म्हणजे उडी मोजली आणि दोन डोळ्यांमधलं अंतर माहीत असलं की अंगठा किती लांब ते गणिताने निघतं. झाडासाठी दोन डोळे पुरत नाहीत, तिथे दोराची दोन टोकं घ्यायची. ताऱ्यासाठी दोरही पुरत नाही. तिथे आपली पृथ्वीच दोराचं काम करते. जानेवारीत ती सूर्याच्या एका अंगाला, जुलैत दुसऱ्या अंगाला. तोच तारा दोनदा पाहायचा. तो जवळचा असला तर मागच्या लांबच्या ताऱ्यांवरून किंचित सरकलेला दिसतो. किती किंचित? तीन-साडेतीन किलोमीटरवर कोणी रुपयाचं नाणं धरलं तर ते जेवढं दिसेल, तेवढा. आणि हे सगळ्यात जवळच्या ताऱ्याचं.

"एकच अट," मी बोट वर करून म्हणालो होतो. "मागे जे धरलं ते जागचं हलता कामा नये."

असं म्हणून मी बैल धरला.

त्यातही बैलाने अगदी हिशेबात पाय टाकले. मी दोर घेऊन उजवीकडे गेलो, तसं झाड ढिगाच्या डावीकडे सरकलेलं दिसायला हवं होतं. बैलच डावीकडे गेला. मी माझ्या टोकाला पोचलो तरी झाड त्याच्या बरोबर समोर. उडी शून्य. आणि उडी शून्य म्हणजे अंतर अनंत. नाल्यापलीकडचा कडुनिंब, त्यावरच्या कावळ्यांच्या घरट्यांसकट, आमच्या गणिताने सगळ्या ताऱ्यांच्या पलीकडे गेला. तेव्हापासून पोरं त्याला 'तारा' म्हणतात. "सर, ताऱ्याखाली डबा खाऊ का?" असं विचारतात, आणि मला 'हो' म्हणावं लागतं.

असा किस्सा हाताशी आला की मी पूर्वी घरी पळत यायचो. आमच्या नात्यात बारसं असो की साक्षगंध, पंगती उठल्या की मला बोलावणं येतं. काम करायला कोणी बोलावत नाही, माझ्या कामाची ख्याती वेगळी आहे. गोष्ट सांगायला बोलावतात. पण पंगतीपर्यंत जायच्या आधी प्रत्येक गोष्टीची रंगीत तालीम आमच्या स्वयंपाकघरात व्हायची. बायको पोळ्या लाटता लाटता ऐकायची. हसायची नाही. "हं, मग?" म्हणायची. आणि जिथे मी पदरचं घालायचो तिथे लाटणं थांबायचं. लाटणं थांबलं की समजायचं, एवढं खपणार नाही.

ती दिवाळीपासून पुण्याला होती. लेकीचं बाळंतपण होतं. संक्रांतीपर्यंत येते म्हणाली होती. संक्रांत झाली. मग नातवाचं लसीकरण आलं, मग लेकीची रजा संपत आली, मग बाळ सांभाळायला बाई मिळेना. दर वेळी कारण खरं होतं, हीच त्यातली अडचण. खोट्या कारणावर भांडता येतं.

घरात माझ्या चपलांचा एकच जोड दाराशी. मी मुद्दाम तिच्या जुन्या चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या, चोराला वाटावं घरात माणसं आहेत म्हणून. चोराचं माहीत नाही, मलाच एकदा बाहेरून आल्यावर क्षणभर तसं वाटलं. स्वयंपाक मी शिकलो, म्हणजे पोहे शिकलो. सकाळी पोहे, डब्यात पोहे. रात्री वरण-भात लावायचो, पण कुकर दोन माणसांचा, त्यात एका माणसाचं माप मला शेवटपर्यंत जमलं नाही. भात उरायचा. उरलेला भात मी शेजारच्या गाईला घालायचो, आणि ती गाय हळूहळू माझी वाट पाहायला लागली. गावात संध्याकाळी माझी वाट पाहणारं तेवढंच होतं.

बैलाच्या दिवशी मी घरी आलो आणि लगेच व्हिडिओ कॉल लावला. बायकोने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. तिचे हात नातवाला मालिश करण्यात गुंतलेले. मला दिसत होता तो छताचा पंखा. मी पंख्याकडे पाहून सुरुवात केली. दोर, कडुनिंब, पांढरा ढीग. "ढीग उठला" इथे मी थांबलो, कारण इथे थांबायचं असतं. पंखा फिरत राहिला. "हं" आलं नाही. "मग" आलं नाही. बाळ रडायला लागलं, लेकीचा आवाज आला, "आई, टॉवेल दे ना पटकन," आणि पंखा गेला. कडुनिंब अनंतात गेला, ही गोष्टीतली खरी गंमत, ती सांगायची राहूनच गेली. त्या पंख्याशिवाय तो किस्सा कोणी ऐकला नाही असं समजून मी पोहे भिजवले.

'ये' असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. लेक म्हणायची, "बाबा, तुम्हीच या ना इकडे. तुमची नोकरी किती राहिली आता? आईला करमतं इथे." आईला करमतं, हे ऐकल्यावर माणूस 'पाठव तिला' कसं म्हणणार? मी म्हणायचो, "हो हो, राहू दे, माझं मस्त चाललं आहे." आणि गाईला भात घालायला जायचो.

इकडे वर्ग काही मला सोडत नव्हता. बैलाच्या जागी आम्ही पाण्याची टाकी धरली. ती हलली नाही, आणि कडुनिंब परत नाल्याच्या काठी आला. मग त्या मुलीने पुढचं विचारलं, "सर, झाडाचं झालं. वरचं काई मोजू ना." तारा आपल्याला झेपणार नाही, मी म्हणालो. पण चंद्र जमेल. एक माणूस इथे, एक शेकडो किलोमीटर लांब. दोघांनी एकाच क्षणी चंद्राचा फोटो काढायचा. त्याच्या मागे एखादी चांदणी हवी. चंद्र जवळ, चांदणी लांब, म्हणून दोन फोटोंत चांदणी चंद्रापासून थोड्या वेगळ्या जागी दिसेल. तेवढा फरक मोजला की झालं. तेव्हा शुक्र संध्याकाळी पश्चिमेला ठळक दिसत होता. अमावास्येनंतरची कोर त्याच्या अगदी शेजारी येणार होती.

"पण तिकडं कोण हाय आपलं?" एकाने विचारलं.

"काऊन, काकू हायेत ना पुण्याले!" अख्खा वर्ग म्हणाला.

गावात काहीच लपत नाही. मी लाजलो, पण मनातून खूश झालो. पहिल्यांदाच तिचं तिकडे असणं कशाच्या तरी उपयोगी पडणार होतं. आणि मी ते भलत्याच वेळी बोलून दाखवलं.

दोनच दिवसांनी तिचा फोन आला. या वेळी तीच बोलत होती, मागे बाळ नाही, टॉवेल नाही. म्हणाली, "ऐका ना. बाई मिळाली बाळासाठी. चांगली वाटते. मी म्हणत होती, या आठवड्यात यावं आता."

मी म्हणालो, "छे छे, या आठवड्यात नको! तू तिकडेच पाहिजे मला."

माझ्या डोक्यात चंद्र. मी कोर, शुक्र, दोराची दोन टोकं, सगळं घडाघडा सांगितलं, आणि वर म्हणालो, "आणि त्या दिवशी ढग आले, तर पुढच्या महिन्यात परत एक संधी आहे."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते कळायला मला कुकर होईपर्यंत वेळ लागला. शिट्ट्या मोजत उभा होतो आणि मध्येच लक्षात आलं, बायको घरी येते म्हणाली आणि मी तिला चंद्रासाठी थांबवलं. आता फोन करून काय सांगणार? चंद्र नको, तूच ये? वर्गाला शब्द दिला होता, पोरांनी घरोघरी सांगितलं होतं. म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तिची उत्तरं 'हो', 'नाही', 'पाहू' एवढीच. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, आई म्हणते, मी राहते इथेच, बाबांचं मस्त चाललं आहे." माझंच वाक्य, जसंच्या तसं, पुण्याहून परत आलं होतं.

ठरलेल्या संध्याकाळी सगळा वर्ग गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या मोकळ्या आवारात जमला, कारण तिथून पश्चिम मोकळी दिसते. पोरांनी येताना तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. ढग नव्हता. मला ढग हवा होता की नको होता, हे मला आजही सांगता येणार नाही. सूर्य गेला, आभाळ निवलं, आणि कोर दिसली, तिच्या पोटातला न उजळलेला चंद्रही अंधूक दिसत होता. खाली शुक्र, दिव्यासारखा.

मी फोन लावून पोरांच्या मध्ये ठेवला. ती लेकीच्या इमारतीच्या गच्चीवर होती. वारा लागत होता फोनमध्ये.

"दिसते का कोर?" मी विचारलं.

"दिसते."

"झूम केलं का?"

"केलं."

मग पोरांनी फोन हिसकावला. "काकू, नमस्कार! काकू, हात नका हालवू हं! काकू, बाळ कसं हाय?" आणि फोनमधून तिचा खरा आवाज आला, माझ्या वाट्याला बरेच दिवस न आलेला. बाळाला दात यायचे आहेत, पुण्यात थंडी कोरडी आहे, गच्चीवर एक कबुतर तिच्याकडे पाहतं आहे, सगळं तिने त्यांना सांगितलं. मी शेंगा सोलत ऐकत होतो.

"आता तीन म्हटलं की दाबा हं काकू. एक, दोन, तीन!"

इकडे दाबलं, तिकडे दाबलं. टाळ्या झाल्या. फोन बंद करायच्या आधी ती टेपवाली मुलगी त्यात तोंड घालून म्हणाली, "काकू, कवा येता तुमी? सरच्या डब्यात रोज पोहेच रायते. आमी कोणी घेतबी नाई आता."

मग तिचा आवाज आला, "ठेवते हं पोरांनो." मी शेंगांची सालं गोळा करायला लागलो, वर न पाहता.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या भिंतीवर प्रोजेक्टरने दोन्ही फोटो पाडले. आधी आमचा. चंद्र मोठ्या परातीएवढा केला आणि शुक्राच्या जागी खडूची खूण. मग तिचा, तेवढाच मोठा करून, परात परातीवर बसवून. शुक्र खुणेपासून दोन बोटं बाजूला! वर्गात जो ओरडा झाला त्याने शेजारचा गणिताचा तास बंद पडला.

गणित केलं. चंद्र सहा लाख किलोमीटर आला. पुस्तकात पावणेचार-चार लाखांच्या आसपास. पोरांचे चेहरे उतरले. मी फळ्याकडे पाहत उभा राहिलो, आणि माझी चूक सापडली. मी इथून पुण्याचं सरळ अंतर धरलं होतं. दोर आडवा असता तर ते चाललं असतं. पण त्या संध्याकाळी चंद्र पश्चिमेला, पुण्याच्याच बाजूला होता. आमचा दोर चंद्राच्या दिशेला तिरका गेलेला, म्हणून चंद्राकडून पाहिला तर बराच आखूड. तो तिरकेपणा धरल्यावर उत्तर चार लाखांजवळ आलं. थोडं चुकलेलं, पण चंद्राच्या घरी नेणारं.

"म्हणजे सर, आपण चंद्राकडे पाहून राह्यलो होतो, तवा काकूकडेच पाहून राह्यलो होतो," ती मुलगी म्हणाली. तिच्या दृष्टीने ती भूमिती होती. मी 'बरोबर' म्हणून फळा पुसायला लागलो, आणि बराच वेळ पुसला.

संध्याकाळी घरी येऊन चहा ठेवला. दाराशी चपलांचे दोन जोड, घरात माणूस एक. फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. तिने उचलला.

"झालं का मोजून?"

"झालं."

"बरोबर आलं?"

"आधी चुकलं. मग थोडंसंच चुकलं."

"हं," ती म्हणाली. आणि थांबून, "मग?"

त्या 'मग'साठी मी दिवाळीपासून थांबलो होतो. माझ्याजवळ गोष्ट तयार होती, परात, दोन बोटं, गणिताचा बंद पडलेला तास, सहा लाख, सगळं. ओळीने लावून ठेवलं होतं. चहा उतू गेला.

मी म्हणालो, "तू ये आता."

तिकडे बाळाचा आवाज, पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "तिकीट कालच काढलं, गच्चीवरून खाली आल्या आल्या. सोमवारी सकाळी वर्ध्याला उतरते. स्टेशनवर या, अन् एका जागी उभे राहा. तुमच्या त्या ढिगासारखे उठून चालू नका."